दुसरं वाचन

शोकसभा चार वाजता होती. सव्वातीनला वहिनी थेट तिच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तिला आपलं वाटलं, सभागृह कुठल्या मजल्यावर आहे ते विचारायला आल्या असतील बिचाऱ्या. तिने लगबगीने खुर्ची पुढे केली. वहिनी बसल्या, "दार लावून घे" म्हणाल्या, आणि पिशवीतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं.

"उघड."

टॉवेलात वही होती. हिरवा पुठ्ठा, जाड शिवण, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात छापील आकडा. ही वही सात वर्षांपूर्वी हरवली होती. निदान दुबारने तरी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं.

दुबार म्हणजे वहिनींचा नवरा, आणि आजची सभा त्याचीच. खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. एरवी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे दुबारच म्हणायचे, कारण हा माणूस कुठलीही गोष्ट एकदा करून थांबायचाच नाही. नवीन घरात राहायला गेला त्या दिवशी कुलूप ओढून बघायला तीनदा जिना चढून वर आला. शेजाऱ्याला वाटलं चोरच शिरतोय, त्याने आरडाओरडा करून अख्खी इमारत गोळा केली. कँटीनमध्ये दोन चहा सांगितले की पोऱ्या नव्हे, खुद्द कँटीनवालाच विचारायचा, "दोन म्हणजे दोनच ना? की दुबार?" आणि हा हसायचा नाही, शांतपणे सांगायचा, "दोन. पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत."

आणि काम तरी कसलं, तर ज्या मालातून वीज करता येते आणि मनात आणलं तर बॉम्बही, तो माल जगात ठिकठिकाणी डब्यांत बंद करून ठेवलेला असतो. तो आहे तिथेच आहे ना, आहे तेवढाच आहे ना, हे परक्या देशात जाऊन बघून यायचं. ऐकायला केवढं भारी वाटतं! पाहुण्यांना सांगितलं की त्यांचे डोळे विस्फारतात. प्रत्यक्षात थंडगार गोदामात उभं राहून डब्यांवरचे नंबर वाचायचे. चारशे डबे, पाचशे डबे. पायांचे तुकडे पडतात, नाक गळतं, आणि त्या देशाची दोन माणसं मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मागे उभी असतात. जगाची शांतता म्हणतात ती अशी रांगेत उभं राहून राखावी लागते.

नंबर वाचायचीही रीत असते. दोघं जायचं. पहिल्यांदा एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. मग तो कागद झाकून ठेवायचा आणि शेवटच्या डब्यापासून उलटं यायचं, या खेपेला दुसऱ्याने स्वतः वाचायचं आणि स्वतःच लिहायचं, पहिल्याने नुसतं सोबत चालायचं. दोन्ही रकाने जुळले तर दोघांनी सही करायची. शिवाय प्रत्येकाची स्वतःची हिरवी वही. तिचं पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे अशी. रेघेशेजारी आपली आद्याक्षरं, तारीख, आणि सोबत्याची आद्याक्षरं. एकट्याने काहीही खोडायचं नाही. वही हरवणं म्हणजे तर नोकरीतलं सगळ्यात मोठं पाप.

ते पाप दुबारच्या माथी लागलं. एकोणीस वर्षांत ज्याने पेनाचं टोपण हरवलं नाही त्याने वही हरवली, आणि तीही एका डब्याच्या नंबरावरून झालेल्या चौकशीच्या नेमकी आदल्या दिवशी. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. वही विकली, अशी कुजबुज झाली. पुरावा कुणाकडेच नव्हता, म्हणून काढून टाकलं नाही, नुसतं तळघरात बसवलं. तिथे दुबार सात वर्षं डब्यांना लावायच्या कोऱ्या सिलांची खोकी मोजत बसला. दोनदा मोजायचा, अर्थातच. निवृत्तीला पाच महिने उरले असताना पोटात गाठ निघाली आणि तीन आठवड्यांत खेळ आटोपला.

"बुटांच्या खोक्यात होती," वहिनी म्हणाल्या. "ते गोदामात घालायचे जाड बूट, त्याच्या तळाशी. म्हटलं कुणाला तरी देऊन टाकावेत बूट. तर ही."

तिने पुठ्ठ्यावर हात ठेवला.

"हरवली म्हणाले होते ना? मग घरात कशी? मला तर तुमच्या त्या खुणा नि आकडे काही कळत नाहीत. पण तू त्यांच्या शेजारी उभी राहून कामं केलीस. तुला वाचता येईल. वाच आणि मला सांग."

"काय सांगू, वहिनी?"

"माझा नवरा चोर होता का, ते सांग." वहिनींचा आवाज जराही हलला नाही. "सात वर्षं मी हा प्रश्न उशाशी घेऊन झोपलेय. लोकांचं सोड, लोक बोलतातच. पण मलाही वाटायला लागलं होतं गं. घरात गप्प बसून असायचे. वहीचा विषय काढला की उठून कुलूप बघायला जायचे. शेवटी हॉस्पिटलात मी तोंड उघडलं. म्हटलं, आता तरी खरं सांगा, विकली का वही? तर माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, पाणी दे."

ती वहीवरचा हात काढू शकली नाही की वही उघडूही शकली नाही. "वहिनी, मला जरा वेळ द्या," एवढंच कसंबसं म्हणाली. "तुम्ही वर जाऊन बसा. मी वाचते आणि सांगते."

"खरं सांगशील?"

"हो."

वहिनी गेल्या. आणि ती, जी जगातल्या कुठल्याही गोदामात न घाबरता शिरायची, ती आपल्याच खोलीत दाराला कडी लावून खुर्चीत बसली. कारण वहीत काय आहे ते तिला न वाचताच ठाऊक होतं.

आठ वर्षांपूर्वी ती दोन आठवड्यांपासून गरोदर होती, म्हणजे कळून दोन आठवडे झाले होते. नियम असा की बाईने लगेच ऑफिसला कळवायचं, मग तिला त्या मालाच्या आसपास फिरकू देत नाहीत. तिने आधी दोनदा कळवलं होतं. दोन्ही वेळा टेबलावर बसवलं, दोन्ही वेळा सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि दोन्ही वेळा मूल राहिलं नाही. मग त्याच लोकांनी येऊन सांत्वन केलं. बाई गं, ते सांत्वन! तिसऱ्यांदा तिने ठरवलं, या वेळी कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. मोठा शहाणपणा केला. डबे जाड असतात, धोका नसल्यात जमा, असं स्वतःला बजावत दौऱ्यावर गेली.

पहिलं वाचन झालं. दुबारने वाचलं, तिने लिहिलं. आणि दुसऱ्या वाचनासाठी वळताना ती एकाएकी इतकी घाबरली की तिला त्या खोलीत आणखी एक मिनिट उभं राहवेना. ती बाहेर धावली आणि बाहेरच्या मोरीत भडभडून ओकली. तिथल्या भांडारपालाने, म्हाताऱ्या भल्या माणसाने, तिला स्टूल दिलं, गरम पाणी आणून दिलं. भाषा येत नव्हती, नुसता मान हलवून धीर देत राहिला. दुबार आत शेवटच्या डब्यापाशी तिची वाट बघत थांबला होता. आणि तिने काय करावं? झाकून ठेवायचा कागद समोर घेतला आणि त्यावरून दुसरा रकाना खाली उतरवून काढला. चारशे बारा नंबर. चिकटून आलेल्या भावंडांसारखे दोन्ही रकाने जुळले.

दुबार बाहेर आला, कागद बघितला, तिच्याकडे बघितलं. तिने रडत रडत सगळं सांगितलं. "दादा, हे तिसरं आहे हो," म्हणाली. गाडी दारात उभी होती. दुबार बराच वेळ कागद धरून उभा राहिला. मग त्याने सही केली. आयुष्यात एकदा, एकाच वाचनावर.

पुढच्या वर्षी दुसरी जोडी त्याच गोदामात गेली, तर एका डब्याचा नंबर कागदाशी जुळेना. शेवटी एक लिहिलं होतं, डब्यावर सात होता. एकट्याने वाचलं असतं तर कुणीही म्हटलं असतं, चुकला असेल. पण इथे दोन वेगवेगळी वाचनं होती आणि दोन्ही सांगत होती एक! दोन कसलेली माणसं एकाच जागी कशी चुकतील? म्हणजे डबाच बदलला. झालं, बोंबाबोंब सुरू. बातम्या, बैठका, राजदूत परत बोलावणं. त्या म्हाताऱ्या भांडारपालाला चौकशीसाठी नेलं. तो पुन्हा कामावर आलेला कुणी बघितला नाही, आणि इथे कुणी विचारलंही नाही.

चौकशीत दुबार म्हणाला, "माझं वाचन चुकलं असेल. वही माझ्याकडून हरवली." तिला एकच प्रश्न विचारला गेला, दुसरं वाचन तुम्ही केलंत का? घरी तीन महिन्यांची मुलगी होती. तिने हो म्हटलं.

एकच शब्द, पण त्यावर तिची सात वर्षं उभी राहिली. या सात वर्षांत ती दुबारच्या घरी जायची, वहिनींच्या हातचा चहा प्यायची, मुलीला दुबारच्या मांडीवर ठेवायची. मुलगी आता दुसरीत आहे. आणि वहीचं काय झालं, हे तिने एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना!

तिने वही उघडली. दुबारचं बारीक, सरळ अक्षर. त्या तारखेचं पान सापडायला वेळ लागला नाही.

"रांग चार, डबा नऊ. शेवटचा आकडा एक की सात, नीट दिसत नाही. दुसऱ्या वाचनात ठरवणे."

आणि पानाच्या तळाशी: "दुसरं वाचन झालं नाही. सहकारी आजारी. तरी मी सही केली. चूक माझी."

या खालच्या ओळीवर पट्टीने मारलेली एक सरळ रेघ. रेघेशेजारी दुबारची आद्याक्षरं आणि चौकशीच्या आदल्या दिवसाची तारीख. त्यापुढे सोबत्याच्या आद्याक्षरांची जागा कोरी होती.

तेव्हा कुठे तिला ती संध्याकाळ आठवली. चौकशीच्या आदल्या दिवशी दुबार अचानक घरी आला होता. मांडीवर पिशवी घेऊन बसला, चहा घेतला, मुलीचं बोट धरून बघितलं. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. ती मात्र लसीकरण, दात, झोप असं काहीबाही बोलत सुटली होती, एक क्षण त्याला बोलू देत नव्हती. कारण पिशवी तिने बघितली होती. शेवटी तो उठला. "नीट जप तिला" म्हणाला आणि निघून गेला. तिच्या आद्याक्षरांशिवाय त्याचं ते खोडणं पुरं होत नव्हतं, फाडणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि दाखवली असती तर तिची नोकरी त्याच दिवशी गेली असती. उरलं काय, तर हरवणं.

दारावर टकटक झाली. साहेब होते. "चला, मंडळी जमली. पाच मिनिटं बोला. निष्ठा, शिस्त, कामावरचं प्रेम, वगैरे. तो वहीचा विषय तेवढा नको. मेलेल्या माणसाची अब्रू झाकावी आपण." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि पुढच्या महिन्यापासून माझी खुर्ची तुमची. ऑर्डर निघालीय. आत्ता कुणाला बोलू नका."

तिने वही टॉवेलात गुंडाळली. जिना चढताना वाटेत फाइली फाडायचं यंत्र लागतं. त्याच्यापाशी ती थांबली, उगाच कशाला खोटं बोला. वही पाना-पानाने आत गेली की संपलं. वहिनींना सांगता आलं असतं, "जुनीच होती हो, काही नाही त्यात, दादा निष्कलंक होते." अर्धं खरंच झालं असतं ते. यंत्राच्या बटणाजवळ हिरवा दिवा लुकलुकत होता. मागून दोन कारकून बोलत आले. एक म्हणत होता, "दुबारची सभा तरी एकदाच आहे ना रे?" दुसरा खुदकन हसला. तिला बघून दोघंही चपापले. ती तशीच वर गेली.

सभागृहात चाळीसेक माणसं होती. टेबलावर दुबारचा फोटो, ओळखपत्रावरचाच मोठा केलेला, त्यामुळे चेहरा जरा पसरट आला होता. साहेबांनी "जागतिक सुरक्षेचा निष्ठावंत शिपाई" वगैरे चढवलं. ज्याला सात वर्षं तळघरात पुरलं, त्याच्यावर आता फुलं उधळायला कुणाच्या बापाचं काय जातंय? वहिनी पहिल्या रांगेत सरळ बसल्या होत्या. त्या साहेबांकडे बघतच नव्हत्या. त्या तिच्याकडे बघत होत्या.

तिचं नाव पुकारलं. ती उठली. लिहून आणलेला कागद पर्समध्येच राहिला. तिने टॉवेल सोडला, वही टेबलावर उघडली, आणि गोदामात वाचतात तसं, चढउतार न करता, एकेक शब्द सुटा करून ते पान वाचलं. तारीख. रांग चार, डबा नऊ. एक की सात. मग खोडलेली ओळ. "चूक माझी" वाचताना तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही.

"ही चूक त्यांची नव्हती," ती म्हणाली. "दुसरं वाचन मी केलं नाही. पहिल्या कागदावरून उतरवून काढलं. मी गरोदर होते आणि ते मी लपवलं होतं. चौकशीत मी खोटं बोलले. डबा कुणीही बदलला नव्हता. त्या भांडारपालाला ज्यासाठी नेलं, ते घडलेलंच नव्हतं. यांनी वही विकली नाही. माझ्यासाठी लपवली. आणि हे मला सात वर्षं ठाऊक होतं."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आपण हे... नंतर बसून... इथे नको," असं काहीसं ते पुटपुटले. तिने पेन काढलं. कोऱ्या जागेत तिने आपली आद्याक्षरं घातली आणि पुढे तारीख घातली. आजची. मागची तारीख घालायची नसते.

वहिनी उठल्या. सावकाश टेबलापाशी आल्या. ती बाजूला सरली. आता थोबाडीत बसणार असं तिला वाटलं, बसली असती तर बरंच झालं असतं. पण वहिनींनी चष्मा लावला, खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि स्वतः मोठ्याने वाचलं. अडखळत, शाळेतल्या मुलासारखं. "दुसरं वाचन झालं नाही. सहकारी आजारी. तरी मी सही केली. चूक माझी."

वाचून झाल्यावरही बोट तिथेच होतं.

"पाणी दे म्हणाले," वहिनी म्हणाल्या. आवाज इतका खाली की पुढच्या रांगेलाही नीट ऐकू आलं नसेल. "मला वाटलं, बोलायचं टाळतायत. चोरच आहे हा माणूस. मी पेला त्यांच्या उशाशी ठेवला आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. रागाने. दोन तास बसले गं. नर्स बोलवायला आली तेव्हा सगळं संपलं होतं. आत गेले, तर पेला तसाच भरलेला होता."